पुलावरून परत येणारी बाई

माझा मुलगा शुभंकर कार्टून काढायचा. सोसायटीत कोणी विचारलं की मी सरळ तसंच सांगायचो. समोरचा म्हणायचा, "अरे वा! आणि नोकरी?" मी म्हणायचो, "नोकरी मी जन्मभर केली. एका घरात किती जणांनी करायची?" त्यावर बिबवेवाडीत सहसा कोणी पुढे बोलत नसे.

कार्टून हा शब्द त्याला स्वतःला आवडायचा नाही, पण दुसरा शब्द समजावत बसलं की ऐकणाऱ्याला घाई व्हायची. तो हलती चित्रं काढायचा, कागदावर, ब्रश आणि शाईने. चित्रातली बाई एक सेकंद चालायची म्हणजे बारा कागद. "अहो, हे आता कॉम्प्युटर करतो," असं त्याला ऐकवणारे पुष्कळ होते. तो हसून मान डोलवायचा. माझा तिरकसपणा त्याच्यात उतरला नव्हता, तो आईच्या वळणावर गेला होता. ती गेल्यावर घरात तिरकस बोलणारा मी एकटा उरलो, आणि ऐकून घेणारे दोघं, शुभंकर आणि त्याची बायको नम्रता.

मी रेघेवर पोट भरलेला माणूस आहे. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ ओढायची, चुकली तर अर्ध्या ब्लेडने अलगद खरवडायची. रेघ सुरुवातीला जेवढी जाड तेवढीच शेवटाला. याचा मला अभिमान होता आणि अजून आहे.

शुभंकरने जपानी चित्रांचं वेड घरात आणलं तेव्हा यांना यातलं काय कळणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण लाकडी ठशांनी छापलेली ती जुनी चित्रं मला पाहताक्षणी आवडली. त्यांत सावल्या नव्हत्या. आमच्या ड्रॉइंगमध्येही नसतात. जे सांगायचं ते रेघेने, आत सपाट रंग, आणि जिथे काही नाही तिथे खरोखरच काही नाही. पाऊस म्हणजे सरळ रेघा, बर्फ म्हणजे न रंगवलेला कागद. एवढा काटकसरी कलावंत आपल्याकडे का होत नाही, असं मी त्याला विचारलंही होतं. "तुम्ही होतात की," तो म्हणाला.

फरक एकाच गोष्टीत होता. त्याची रेघ खांद्याशी जाड व्हायची, कोपराशी बारीक, मनगटाशी जवळजवळ नाहीशी. त्याच्या टेबलाला काच होती आणि काचेखाली दिवा. आधीच्या कागदावर नवा कागद ठेवून तो तीच बाई पुन्हा काढायचा, केसभर वेगळी. मग गठ्ठा उचलून अंगठ्याने फरफर सोडायचा आणि बाई श्वास घ्यायला लागायची. एकदा मी म्हणालो, "अरे, ती नुसती उभी आहे. मग एकदाच काढ की."

"एकदा काढली तर ती चित्र होते, बाबा. पुन्हा पुन्हा काढली तर उभी राहते."

मी तो गठ्ठा त्याच्या हातून घेऊन पाच-सहा वेळा सोडून पाहिला. तो म्हणत होता ते खरं होतं.

जाहिराती आणि बालगीतांची कामं करून उरलेल्या वेळात तो स्वतःची एक छोटी फिल्म काढत होता. गोष्ट एवढीशी. जपानमधलं डोंगरातलं गाव, बर्फ पडतोय, मुलगा तापाने फणफणलेला. आई छत्री घेऊन निघते, लाकडी पूल ओलांडते, पलीकडच्या वैद्याकडून औषधाची पुडी घेते आणि परत येते. मी विचारलं, "मग यात घडतं काय?"

"ती परत येते," तो म्हणाला. "हेच घडतं."

गेल्याच्या गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्याचं पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. दिवाळी त्याने पाहिली नाही. हॉस्पिटलमध्ये मांडीवर फळी घेऊन तो काढत राहिला. सलाइन डाव्या हाताला लावा, एवढंच त्याचं नर्सबाईंकडे मागणं असायचं. शेवटी शेवटी हातातला एक कागदही पुरा व्हायचा नाही. बाई पुडी घेऊन वैद्याच्या दारातून निघते, पाठमोरी होते, छत्री उघडते आणि पडत्या बर्फात शिरते, तिथपर्यंत ती आली आणि तो थांबला. मला म्हणाला, "मधेच राहिली हो. तिला घरी आणायला हवी." मी म्हणालो, "आणशील." त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तो गेल्यावर मी ठरवलं, ही फिल्म पुरी करायची, ती बाई घरी पोचवायची, आणि त्यात रेघ फक्त शुभंकरची असेल. दुसऱ्या कोणाचा ब्रश त्या बाईला लागू द्यायचा नाही. हा नियम माझा. त्याने तसं काही सांगितलं नव्हतं. पण त्याचा हात जगात एवढाच उरला होता आणि त्यात मला भेसळ नको होती.

सौरभ त्याच्याबरोबर काम करायचा. कागद स्कॅन करणं, रंग भरणं, एकामागे एक लावणं ही सगळी कॉम्प्युटरची बाजू त्याची. दादा दादा म्हणून शुभंकरच्या मागे असायचा, तसा आता काका काका करत माझ्या मागे लागला. तो म्हणाला, "काका, रिटर्नची ड्रॉइंग्जच नाहीयेत. दादाच्या रेघेत आणायची कुठून?"

"आहेत," मी म्हणालो. "उलटी पडलेली आहेत."

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात डाव्या बाजूचा भाग काढून झाला की उजव्या बाजूचा कोणी नव्याने काढत नसे. ट्रेसिंग पालथं घालायचं, पाठीमागून तीच रेघ दिसते, डाव्याचा उजवा होतो. ड्रॉइंगवर 'ऑपोझिट हॅन्ड' एवढं लिहायचं. जन्मभर मी हेच केलं होतं. जाताना बाई पडद्यावर उजवीकडून डावीकडे चालते, जुन्या जपानी चित्रांच्या गुंडाळ्या वाचतात तशी. तेच कागद पालथे घातले की ती डावीकडून उजवीकडे येणार. पूल तोच, बर्फ तोच, पावलं तिचीच, रेघ शुभंकरची. सौरभने तोंडाचा आ केला. "काका, एका क्लिकचं काम आहे हे!" मला क्लिकचं कौतुक नव्हतं, पण युक्तीचं होतं.

महिनाभरात फिल्म जोडून झाली. दार सरकवून ती आत जाते, दार मिटतं, बर्फ पडत राहतो. पहिल्यांदा सलग पाहिली तेव्हा मी सौरभच्या देखत रडलो. नम्रता पाहायला आली नाही. शुभंकरच्या कामाच्या खोलीत तो गेल्यापासून तिने पाऊल टाकलं नव्हतं. सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायची, संध्याकाळी यायची, कुकर लावायची. त्या खोलीच्या दारावरून जाताना भिंतीकडच्या बाजूने जायची.

मंदाकिनीबाईंना दाखवायची कल्पना माझीच. शुभंकर त्यांच्याकडे जपानी शिकायला जायचा. त्या उमेदीची बरीच वर्षं जपानमध्ये काढून आलेल्या, आता सत्तरी ओलांडलेली, आणि पेठेतल्या असूनही माझ्यापेक्षा कमी बोलणाऱ्या. रविवारी दुपारी त्या आल्या. हॉलमध्ये सौरभने पडदा लावला होता. आत नम्रता चहा टाकत होती. फिल्म संपली, तरी मंदाकिनीबाई पडद्याकडेच बघत होत्या. मी कौतुक ऐकायच्या तयारीत बसलो होतो.

"महिपतराव," त्या म्हणाल्या, "ही पुलावर मेली का?"

"छे! परत आली की. दिसतंय ना."

"दिसतंय, म्हणूनच विचारलं."

त्यांनी सौरभला चित्र थांबवायला लावलं, उठून पडद्याजवळ गेल्या आणि बाईच्या गळ्याखाली बोट ठेवलं. किमोनोच्या दोन बाजू छातीवर एकमेकींवर येतात. जिवंत माणूस नेहमी डावी बाजू वर घेतो. बाई असो, पुरुष असो, लहान मूल असो. उजवी बाजू वर येते ती फक्त प्रेताला किमोनो घालताना.

"जाताना बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "शुभंकर चुकणार नाही. वैद्याकडे बघा, उजव्या हाताने तिने पुडी आत सरकवलीय, डावी बाजू वर असल्यामुळे हात आत जातो. येताना मात्र प्रेताचा वेष आहे. तिथलं शाळकरी पोरसुद्धा म्हणेल, बर्फात गारठून मेली आणि आता घरी आलीय ते भूत."

आपल्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर दिसला असता तर मी पहिल्या झटक्यात ओरडलो असतो. इथे महिनाभर डोळ्यांत तेल घालून पाहिलं आणि दिसलं नाही. आणि मलाच दिसू नये? ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला गुरुजींनी माझं उपरणं डाव्या खांद्यावरून काढून उजव्यावर घ्यायला लावलं होतं. "अपसव्य करा," ते म्हणाले होते. मेलेल्याचं सगळं उलट बाजूने करायचं असतं, हे मी माझ्या मुलासाठी केलं होतं. त्याने मला करायचं ते मी त्याला केलं होतं. आणि घरी येऊन त्याच्या बाईचंही मीच अपसव्य केलं.

सौरभ मात्र उठून उभा राहिला. "काका, पण हे तर जबरदस्तच झालं ना! ती रस्त्यात मेली आणि तिचं भूत औषध घेऊन आलं. फेस्टिव्हलवाले वेडे होतील!"

"होऊ देत. आपण शहाणे राहू."

"नाही म्हणजे, बदलायचं असेल तरी प्रॉब्लेम नाही. दादाची एवढी ड्रॉइंग्ज आहेत, मशीनला फीड केली की त्याच्याच हाताची रेघ काढून देईल. ओळखूसुद्धा येणार नाही."

"मग आज जेवायलाही येईल का तो?"

सौरभ खाली बसला. शुभंकरला खांदा देणाऱ्यांत तो होता. मी असं बोलायला नको होतं, पण बोललो.

नम्रता चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. पडद्याकडे तिने पाठ केली होती. "बाबा," ती म्हणाली, "मला ती जिवंत हवी आहे."

"मग त्याची रेघ खोडावी लागेल, नम्रता. तिथे दुसऱ्या कोणालातरी काढावं लागेल."

"मला ती जिवंत हवी आहे," ती पुन्हा तेच म्हणाली, आणि ट्रे ठेवून आत गेली.

मंदाकिनीबाई निघाल्या तेव्हा मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "तुम्हाला ते जुने छाप आवडतात ना, त्यांचं एक सांगते. चित्रकार पातळ कागदावर चित्र काढायचा. कोरणारा तो कागद फळीवर पालथा चिकटवायचा आणि कागदासकट कोरायचा. मूळ चित्राचा चुरा व्हायचा. आपण जी रेघ बघतो ती चित्रकाराची नाहीच, कोरणाऱ्याची असते."

"हे मला का सांगताय?"

"जिना उतरायच्या आधी सांगावंसं वाटलं."

मला त्याने बरं वाटलं नाही. त्या कोरणाऱ्याचा चित्रकार मुलगा नव्हता. त्याला फळीसाठी नवं चित्र उद्या मिळणार होतं. मला मिळणार नव्हतं. एक तर माझ्या मुलाची रेघ ठेवायची आणि बाई मेलेली, नाहीतर बाई जिवंत ठेवायची आणि मुलाची रेघ घालवायची. असला हिशेब कोणत्याही बापाला पडू नये. त्या रविवारनंतर बरेच दिवस मी त्या खोलीकडे फिरकलो नाही, आणि नम्रतानेही विषय काढला नाही. पण संध्याकाळी ती आली की माझ्याकडे एकदा बघायची आणि मग पर्स ठेवायची. एके दिवशी मी खोलीत जाऊन काचेखालचा दिवा लावला.

आधी वाटलं, नुसत्या गळ्यावर भागेल. सौरभने उलट्या चित्रांच्या छापील प्रती काढून दिल्या. मी त्यांच्या छातीवरच्या दोन रेघा पांढऱ्या रंगाने झाकल्या आणि माझ्या काढल्या. चालवून पाहिलं. बाई चालत होती आणि तिच्या छातीवर काहीतरी वेगळंच थरथरत होतं, जखमेवरची पट्टी सुटावी तसं. बाकीची सगळी बाई श्वास घेत होती आणि तेवढा तुकडा माझा होता, ड्रॉइंग ऑफिसातला, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच जाडीचा.

सौरभने ते पुन्हा एकदा चालवून पाहिलं. मग म्हणाला, "काका, पूर्ण बाई काढावी लागेल. नव्याने."

"कोण काढणार?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

माझी पहिली बाई ड्रॉइंग बोर्डावरची टी-स्क्वेअर पट्टी गिळल्यासारखी पुलावर आली. सौरभ हसला नाही, यावरून ती किती वाईट असेल ते समजावं. ब्रश हे माझं हत्यारच नव्हे. पेन दाबलं तर निब मोडते, ब्रश दाबला तर रेघ रुंद होते, आणि हे रुंद होणं चुकीचं नाही हे माझ्या हाताला पटतच नव्हतं. मग मी नवं काढायचं थांबवलं. शुभंकरने काढलेले जातानाचे कागद एकेक करून काचेवर ठेवायचे आणि वर कोरा कागद घेऊन नुसते गिरवायचे, शाळेत गिरवतात तसे. सकाळी दूध तापवून झालं की बसायचो, नम्रताची बस आल्याचं कळलं की दिवा बंद करायचो.

गिरवता गिरवता मला तो सापडायला लागला. बाहीच्या सुरुवातीला तो ब्रश टेकवून क्षणभर थांबत असे, तिथे शाईचा बारीक ठिपका साचलेला असायचा. गुडघ्याशी वळण घेताना त्याचा हात घाई करायचा. छत्रीच्या काड्या तो बाहेरून आत ओढायचा, मी असतो तर आतून बाहेर ओढल्या असत्या. कुठे तो श्वास रोखतो आणि कुठे सोडतो तेही कळायला लागलं. हॉस्पिटलमधल्या कागदांवर रेघ मधेच तुटलेली होती, आणि तुटली तिथूनच त्याने ती पुन्हा उचलली होती, दुखणं ओसरेपर्यंत थांबून. ते कागद गिरवताना मीही तिथे थांबायचो.

बापाला मुलाचा हात धरून लिहायला शिकवावं लागतं. मला म्हातारपणी त्याने माझा हात धरून शिकवलं, आणि तो नव्हता. या विचाराने एखादा दिवस कामच व्हायचं नाही. मी खिडकीशी उभा राहून मार्केट यार्डाकडे जाणारे टेम्पो बघत बसायचो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचो, कारण बाई बर्फात उभी होती आणि घरी पोर तापलं होतं.

शेवटी मी तिला काढायला घेतलं. शुभंकरच्या अगदी शेवटच्या कागदापासून, पाठमोरी, छत्रीखाली, तिथून पुढे. ती वळली, पुलावर चढली, डावी बाजू उजवीवर, पुडी आत, पाऊल रुततंय, छत्रीवर बर्फ साचतोय, ती छत्री हलवून झटकते. हे झटकणं त्याने आधी लिहून ठेवलेल्या फिल्मच्या आराखड्यात होतं आणि जातानाच्या कागदांत नव्हतं, म्हणून उलटवून आम्हाला ते मिळालंच नव्हतं. ते मी माझ्या मनाने काढलं. पूल उतरून गावात आली. दार सरकवलं. आत गेली. मी ब्रश धुतला आणि सौरभला फोन केला. आनंद वगैरे झाला नाही. त्या शेवटच्या दीड-दोन मिनिटांत आता माझ्या मुलाचं काहीही नव्हतं, आणि हे मी स्वतःच्या हाताने केलं होतं.

कोथरूडमधल्या एका फिल्म क्लबने ती दाखवायचं ठरवलं. रविवारी सकाळी, छोटं सभागृह. नम्रता येईल असं मला वाटलं नव्हतं, पण ती साडी नेसून तयार होती. रिक्षात बसल्यावर, स्वारगेट मागे पडल्यावर ती बोलली.

"बाबा, सौरभ म्हणाला, शेवटचं तुम्ही सगळं काढलंय. कुठून ते आत्ता मला सांगू नका."

"बरं."

"रागावू नका. पण मला फक्त त्याचं बघायचंय. त्याचा शेवटचा कागद येऊन गेला की माझ्या हातावर हात ठेवा. मी डोळे मिटून घेईन. पुढचं मला नाही बघवणार. ती घरी पोचली की तेवढं सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. मला राग नव्हता आला. तिच्या जागी मीही हेच मागितलं असतं, आणि हे काम माझ्याइतकं चोख दुसरं कोणी करू शकलं नसतं. त्या जागेचा एकेक कागद मला पाठ होता.

सभागृहात अंधार झाला. नम्रता माझ्या उजव्या हाताला बसली होती, तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. पडद्यावर पोर कण्हत होतं. बाईने दार सरकवलं, छत्री उघडली, पुलावर आली. हे सगळं शुभंकरचं. नम्रता पापणी न हलवता बघत होती. वैद्याने पुडी बांधली, बाईने ती गळ्याशी आत सरकवली. मी हात उचलून तयार ठेवला. ती पाठमोरी झाली. छत्री उघडली. बर्फ दाट झाला.

आणि मग तिचा पाय घसरला. घसरला म्हणजे थोडासाच, पुलाच्या पहिल्या फळीवर. मला वाटलं, पडते की काय. ती सावरली. वारा होता, छत्री एका अंगाला ओढत होती आणि वर बर्फ साचत होता. झटक, झटक तो, मी मनात म्हणत होतो, ओझं होतंय. तिने झटकला. गळ्याशी हात नेऊन पुडी आहे ना ते चाचपलं. पूल संपता संपत नव्हता. एवढ्या बर्फात एकटीला पाठवणाऱ्यांनाही मी शिव्या घातल्या. गावातले दिवे दिसले तेव्हा मी पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आलो होतो. दाराशी ती क्षणभर थांबली, बहुतेक आतून आवाज येतोय का ते ऐकत असावी. मग दार सरकवून आत गेली आणि दार मिटलं. माझ्या तोंडून "हुश्श" निघालं.

पडद्यावर नुसता बर्फ पडत होता.

"बाबा," नम्रता अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्याचं अजून संपलं नाही?"

तिचे डोळे उघडे होते, पडद्याला लागलेले. माझा हात माझ्याच मांडीवर होता. मी विसरलो होतो. ती कागदाची आहे हे विसरलो, ती मी काढली आहे हे विसरलो, आणि तो गेला आहे हेही. तो गेल्यापासून हे विसरलो असा एक क्षण गेला नव्हता, आणि तो क्षण नेमका इथे आला. त्याचा शेवटचा कागद माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेला आणि मला कळलंसुद्धा नाही.

मी तिच्या हातावर हात ठेवला.

"आत्ता," मी म्हणालो.

तिने डोळे मिटून घेतले.